धक्का न देणारी डोशी

आज माझ्याकडं पास झालेल्या वेल्डरचं कार्ड आहे ते आमच्या घरमालक काकांमुळे. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, हा माणूस उपकार करणाऱ्याची टिंगल करतोय. टिंगल नाही. त्यांचं सांगायचं म्हटलं की ते असंच सांगितलं जातं, त्याला माझा इलाज नाही.

मी चोपड्याकडचा. आठवी अर्धी सोडली, चार वर्षं इकडं तिकडं केलं आणि शेवटी सुरतेत आलो. शहराबाहेर सचिन म्हणून भाग आहे, तिथं काकांच्या चौदा खोल्या होत्या, समोरासमोर सात-सात, मधे अंगण, आणि अंगणाला एक अवाढव्य लोखंडी फाटक. नऊ नंबरची खोली माझी. सकाळी कंपनीची बस मला हजीऱ्याला न्यायची, तिथं मी फॅब्रिकेशनच्या यार्डात ग्राइंडर फिरवायचो. दुसऱ्यानं केलेलं वेल्डिंग घासून गुळगुळीत करायचं, एवढंच माझं काम.

पहिल्या दिवशी खोली दाखवताना काकांनी मला तीन नियम सांगितले. पाणी सकाळी सहाला. भाडं पाच तारखेला. आणि झांपो आपटायचा नाही. झांपो म्हणजे ते फाटक. काका मूळचे सुरती, पण तीस वर्षं खानदेशी भाडेकरू ठेवून त्यांचं मराठी आमच्यासारखंच झालं होतं, मधे मधे गुजराती पेरलेलं. पहिले दोन नियम मोडले तरी ते फारसं बोलायचे नाहीत. फाटक आपटलं की मात्र वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "कोणे पछाड्यो? अल्या पोयरा, बापाच्या घरी दार नव्हतं का?"

फाटक आपटायचंच. अंगणाला रस्त्याकडं उतार होता. हात सुटला, नाहीतर जरा वारा आला, की ते आपोआप धडाम. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला आपल्या फाटकाचा फार अभिमान आहे.

आणि काकांकडं एक रायफल होती. परवान्याची, वडिलांच्या वेळची, विलायती. तिला ते डोशी म्हणायचे. डोशी म्हणजे म्हातारी. रविवारी सकाळी फाटकाला कुलूप लावून, पोरांना खोल्यांत कोंडून, ते गॅलरीत सतरंजी टाकायचे आणि जुन्या गंजीच्या चिंध्यांनी डोशीला पुसायचे. त्यांच्याशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही. "परवाना माझ्या नावाचा आहे, तुझ्या नाही," म्हणायचे. एकदा मी नुसतं बोट दाखवून विचारलं, "काका, यात गोळ्या किती बसतात?" तर अर्धा तास ऐकावं लागलं की गोळी म्हणजे नुसता पुढचा भाग, सगळं मिळून काडतूस, आणि ज्याला एवढं माहीत नाही त्यानं बोट पण दाखवू नये.

ते काडतूस मात्र त्यांनी मला दाखवलं. नानखटाईच्या डब्यात कापसावर पाच होती. तर्जनीएवढं लांब, सडपातळ, पितळ काळपटलेलं. दोनशे पंचाहत्तर नंबरचं, आता सहसा कुठं मिळत नाही. हत्यारांच्या दुकानात विचारायला गेले की दुकानदार म्हणायचा, काका, तीनशे पंधराची घ्या ना, तिची काडतुसं मिळतात. काका घरी येऊन आठवडाभर त्या दुकानदाराला नावं ठेवायचे.

"तीनशे पंधराची," ते म्हणायचे. "खांद्याला धक्का कुणी खायचा? तुझ्या बापानं? हरीण केवढं, तोफ केवढी. डोशी बघ. मारते पण धक्का देत नाही."

त्यांच्या तरुणपणी शिकारीवर बंदी नव्हती. वडिलांबरोबर ते डांगच्या जंगलात जायचे, चितळासाठी. बंदीचा कायदा आला त्या दिवसापासून एकदाही गेले नाहीत, आणि कुणी चोरून जातो असं कळलं तर त्याच्याशी बोलणं बंद करायचे. पण सांगायची हौस गेली नव्हती. अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर त्यांनी खडूनं एक चितळ काढलं होतं, चांगलं पुरुषभर उंच. पावसात ते धुपलं की नवं काढायचे. पुढच्या पायाच्या जरा मागं आणि थोडं वर एक ठिपका. बायका त्या शिंगांसमोरून दोरी ताणून कपडे वाळत घालायच्या, आणि काका भाषण करताना कुणाचा तरी परकर बाजूला सारून ठिपका दाखवायचे.

"इथं. इथं लागली की छोटी पुरे. इथं नाही लागली तर तोफ पण फुकट. मोठ्या बंदुकीचा माणूस जनावराकडं बघतच नाही. तो खांद्याचा विचार करतो. आता धक्का बसणार, आता बसणार. आणि चाप ओढायच्या आधी डोळे मिटतो."

सगळ्या जगाला त्यांनी याच मापात बसवलं होतं. आठ नंबरवालीच्या चहाला धक्का आहे. नवा सरपंच, धक्का भारी, नेम शून्य. त्यांची गेलेली बायको म्हणजे डोशीसारखी, आवाज कमी, जागेवर लागायची. मी खोली घेतली तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हटलं होतं, "तुझ्यात धक्का नाही. पण तू खाणारा दिसतोस."

खरं होतं. मला भीती वाटायची. कशाची असं विचारलं तर सांगता यायचं नाही. कुकरची शिट्टी व्हायची असते ना, त्याच्या आधी जो फुसफुस आवाज येतो, तेव्हाच माझे खांदे वर जायचे. यार्डात कुणी लांबून माझं नाव घेतलं तरी वाटायचं, झालं, आता काढतात.

आणि माझी चालली होती वेल्डर व्हायची धडपड. आमच्या यार्डात वेल्डर व्हायचं तर टेस्ट द्यावी लागते. लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या, मधे खाच, ती खाच रॉडनं भरायची. आधी इन्स्पेक्टर नुसत्या डोळ्यांनी बघतो, मग एक्स-रे. मी दोनदा नापास झालो, आणि एक्स-रेपर्यंत पोचलोच नाही. माझं वेल्डिंग वाईट नव्हतं. रॉड टेकवून ठिणगी पेटवायची ती खाचेच्या आत पेटवायची असते. माझा हात त्याच क्षणी उडायचा, आणि रॉड खाचेबाहेर चांगल्या लोखंडाला चाटून जायचा. तिथं तिळाएवढा डाग. इन्स्पेक्टर त्या डागावर बोट फिरवायचा, माझ्याकडं न बघताच कागदावर फुली मारायचा.

दुसऱ्या फुलीनंतर ठेकेदार म्हणाला, "दिवाळीआधी एक चान्स देतो, तिसरा. मग मात्र ग्राइंडरच धर कायमचा, मला पुन्हा विचारू नको."

यातली खरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आईला मी फोनवर सांगून बसलो होतो की पास झालो. पहिल्याच टेस्टच्या संध्याकाळी. ती "कसा शे रे? जेवना का?" असं विचारत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं. तिनं गल्लीत पेढे वाटले. चुलतभावाचा मुलगा आता मला वेल्डरकाका म्हणायचा. तिसऱ्यांदा फुली बसली असती तर मी गावी कोणत्या तोंडानं जाणार होतो, हे मला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी काकांच्या शेतात रोझ शिरले. रोझ म्हणजे आपल्याकडचे रोही, नीलगाय. ओलपाडकडं त्यांची वडिलोपार्जित जमीन होती, भेंडी लावलेली. दहा-बारा रोझांचा कळप सकाळी यायचा आणि कोवळी भेंडी खाऊन जायचा. आजूबाजूच्या सगळ्यांचीच तीच रड. शेवटी पंचायतीनं एक जनावर मारायच्या रीतसर परवानगीचं पत्र केलं आणि काकांच्या हातात दिलं, कारण रायफलवाले तेच. नाव गाय असल्यामुळे बाकी कुणी पुढं येईना. काका म्हणाले, "गाय नाही ती, हरणाच्याच लांबच्या नात्यातली आहे. आणि नात्याचं मी बघतो."

मला बरोबर नेलं ते घडीची खुर्ची उचलायला. रविवार होता, सुट्टी होती, मी गेलो.

सकाळचं ऊन होतं. शेताच्या कडेला निम्मं गाव जमलेलं, जसा काही तमाशा आहे. काकांनी सगळ्यांना आपल्या मागं उभं केलं, मी तेवढा खुर्चीवाला म्हणून त्यांच्या बाजूला, खांद्याशी. खुर्चीत बसले, कोपर गुडघ्यावर टेकलं. एक मोठा निळसर नर भेंडीत उभा होता, पण काका थांबले. त्याच्या मागं रस्ता होता. पंधरा मिनिटं थांबले. नर चालत चालत कालव्याच्या बांधापुढं आला, मागं नुसती माती, तेव्हा त्यांनी गाल लावला.

मी दोन्ही कानांत बोटं घातली, पण डोळे कसे कोण जाणे उघडे राहिले.

टक.

एवढाच आवाज. काडतूस जुनं, फुटलंच नाही. पण त्या टक्‌च्या बरोबर मी पाहिलं, रायफलची नळी एकदम खाली गेली. चांगली चार बोटं. आणि काकांचे डोळे गच्च मिटलेले.

ती हालचाल मला ओळखीची होती. ती माझी होती.

काका हलले नाहीत. नळी बांधाकडं रोखून मिनिटभर तसेच बसले, उशिरा फुटलं तर म्हणून. मग काडतूस काढलं. तोपर्यंत गावकऱ्यांना हसू आवरेना. एकजण म्हणाला, "काका, डोशी रिसाई गई." रुसली म्हणून. दुसरा म्हणाला, "डोशीला विचारून आणायचं होतं." त्या नरानं आमच्याकडं बघितलं, आणखी एक भेंडी खाल्ली आणि कळप घेऊन निघून गेला. बहुतेकांना बरंच वाटलं असावं. कारण पत्राचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. सगळ्यांनी मिळून तारेचं कुंपण घातलं.

परत येताना टेम्पोत काका डोशी मांडीवर आडवी धरून बसले. सचिनचं रेल्वे फाटक लागलं तेव्हा म्हणाले, "तू पाहिलंस."

"काय काका?"

"खोटं नको बोलू. गावानं नाही पाहिलं. तू पाहिलंस."

मी म्हटलं, "हो काका."

मग त्यांनी सांगितलं. सोळा वर्षांचे होते. वडिलांची मोठी बंदूक, खरोखरची तोफ. पहिल्या बारालाच खांदा काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पुन्हा हातात दिली, समोर चितळाची मादी. यांनी डोळे मिटून चाप ओढला. पायावर लागली. मादी तीन पायांवर जंगलात गेली. वडील म्हणाले, आता शोध. दोन दिवस शोधली. "सापडली तेव्हा जिवंत होती," ते म्हणाले.

त्यानंतर वडिलांनी कुणाकडून तरी डोशी आणली. हलकी, धक्का न देणारी.

"डोशीनं मला एकदा पण नाही मारलं," काका म्हणाले. "एकदा पण नाही. पण हा खांदा," त्यांनी उजवा खांदा थोपटला, "याला कोण समजावणार? बार मोठा झाला की त्याच्या धडाक्यात काही दिसत नाही. म्हणून कुणाला कधी कळलं नाही. आज फुटलं नाही म्हणून दिसलं."

आणि थोड्या वेळानं, जणू दुसराच विषय, "तुझ्या त्या टेस्टचं पण हेच आहे. तू नापास होतोस ते मला माहीत आहे. नापास झालास की तू फाटक फार हळू लावतोस."

खोल्यांच्या पुढच्या बाजूला काकांनी एक गाळा ग्रिल बनवणाऱ्याला दिला होता. रविवारी तो बंद असायचा आणि किल्ली काकांकडं. पुढच्या रविवारी त्यांनी मला तिथं नेलं. डोशीची सफाई त्या दिवशी झाली नाही, हे सगळ्या चाळीनं नोंदलं.

काका वेल्डिंगच्या मशीनच्या स्विचपाशी रंगाच्या उलट्या डब्यावर बसले, माझ्याकडं पाठ करून, कारण त्या उजेडाकडं बघायचं नसतं. हातात पेपर. मला म्हणाले, "सगळ्यात बारीक रॉड घे. करंट कमी."

"काका, कमी करंटला रॉड चिकटतो."

"चिकटू दे. मारत तर नाही ना?"

मग पद्धत सांगितली. मी तोंडावर काच ओढायची, रॉड खाचेवर धरायचा आणि "हां" म्हणायचं. ते स्विच चालू ठेवतील नाहीतर बंद, मला न सांगता. मशीनच्या पंख्याचा आवाज येऊ नये म्हणून एक टेबलफॅन मोठ्यानं लावून ठेवला. मी रॉड टेकवायचा.

पहिल्यांदा पेटलं. दुसऱ्यांदा पेटलं. तिसऱ्यांदा मी रॉड टेकवला, आणि काहीच झालं नाही. ना ठिणगी, ना आवाज. पण माझी मान मागं गेली होती, आणि रॉड खाचेपासून दोन बोटं लांब लोखंडावर उभा होता.

"बंद होती," लोखंडावर रॉड घसरल्याचा आवाज ऐकून काका पाठमोरेच म्हणाले. "कोणाला घाबरलास?"

इतकी वर्षं मला वाटायचं की ठिणगीनं हात उडतो. ठिणगी नव्हतीच.

"घाबरायचं तर नंतर घाबर," ते म्हणाले. "पेटल्यावर घाबर, पाहिजे तेवढं. आधी नको."

असे पाच रविवार गेले. काका पेपर वाचायचे, मधेच बातमीवर शिव्या घालायचे आणि स्विच दाबायचे. बंद मशीनवर मी उडालो की म्हणायचे, "चितळ लंगडं गेलं. जा शोधायला." बारीक रॉडवर हात बसला तसा करंट एकेक घर वाढवायला लावला. जाड रॉड चौथ्या रविवारी दिला, तोही नाक मुरडत, "घे तुझी तीनशे पंधराची."

पाचव्या रविवारी मी "हां" म्हणालो, रॉड टेकवला, आणि नेमकं त्याच क्षणी बाहेर वाऱ्यानं फाटक आपटलं. धडाम. रॉड खाचेत पेटला, खाचेतच राहिला. मी पूर्ण रॉड संपेपर्यंत ओढत नेला. काच वर केली, लोखंड बघितलं. एकही डाग नाही. मग वळसा घालून काकांच्या पुढं गेलो. त्यांच्या हातातला पेपर मधोमध फाटला होता, आणि दोन्ही अर्ध्या भागांच्या मधे ते अजून डोळे गच्च मिटून बसले होते.

तेव्हा मला फाटकाचं कळलं. आणि दिवाळी आली की ते बहिणीच्या आडगावी का जायचे, गणपतीच्या मिरवणुकीत ढोल आला की खिडक्या का लावून घ्यायचे, तेही. आम्ही समजायचो, म्हाताऱ्याला धुराची अलर्जी आहे, गर्दी आवडत नाही.

त्यांनी डोळे उघडले, पेपर घडी केला. "आज तू पास," म्हणाले. "मी नापास. बाहेर सांगू नको."

टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टर माझ्या मागं उभा होता. काच खाली घेतल्यावर मी मनात म्हटलं, मशीन बंदच असेल. पेटलं तेव्हा मला खरोखर जरा आश्चर्य वाटलं. संपल्यावर इन्स्पेक्टरनं पट्टीवर बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि बोटाला काही लागेना म्हणून पुन्हा फिरवलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. चार दिवसांनी एक्स-रे पण पास आला.

मी आईला फोन लावला. म्हटलं, "आई, पास झालो." ती हसली. मग म्हणाली, "माले म्हाईत व्हतं तू पहिले पास नव्हता. तू खोटं बोलस तवय मोठल्या आवाजमा बोलस." पेढे तरीही वाटले होते तिनं. उगाच कशाला थांबायचं, म्हणाली.

काकांना सांगायला गेलो तर ते टाकीवरचं चितळ नव्यानं काढत होते. मी वाकलो तर पाय मागं घेतले. "आभार नको. आभाराला फार धक्का असतो," म्हणाले. "जा, चहा सांग. आठ नंबरवालीचा नको."

आता मी कंपनीच्या जवळ राहतो, हजीऱ्याकडं. काका आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी रविवारी डोशीला पुसतातच, असं चाळीतले सांगतात. नानखटाईच्या डब्यात चार काडतुसं आहेत, आणि न फुटलेलं पाचवं पोलिसात रीतसर जमा केल्याची पावती.

मागच्या वेळी भेटायला गेलो तेव्हा मी हळूच फाटकाची मापं घेतली. अकरा फूट रुंद, सहा फूट उंच, उतार चार बोटं. कामाच्या चिठ्ठीमागं लिहून ठेवलीत. बिजागरी बेअरिंगची लागेल, फाटक दोन भागांत करावं लागेल आणि खाली रबर. काकांनी मला पकडलंच. म्हणाले, "झांपाला हात नको लावू, चांगला आहे तो."

मी म्हटलं, बरं काका.

पण मी करणार आहे. हात अजून थोडा बसू दे, सलग तीन दिवसांची सुट्टी मिळू दे. एक दिवस ते बहिणीकडं गेले असताना मी तिथं असं फाटक बसवीन की ते परत येतील, आत शिरतील, खुर्चीत बसून पेपर उघडतील, आणि मागं ते कधी लागलं हे त्यांच्या खांद्यालासुद्धा कळणार नाही.